पडदा म्हणजे भिंत

ताटल्या, कप आणि ओट्सचं पातेलं साबणाने घासून झालं होतं. विसळायला म्हणून मार्लिसने नळ सोडला, तर नळाने एक उचकी दिली, चूळभर पाणी ओकलं आणि गप्प झाला.

"ऑरिन! टाकीत पाणी किती म्हणाला होतास?"

"अर्ध्याच्या वर!" ऑरिन बाहेरून ओरडला. रात्री व्हॅन सपाट उभी राहावी म्हणून चाकांखाली सारलेल्या फळ्या तो ओढून काढत होता. "कालच बघितलं की काट्यावर."

"काट्यावर बघितलंस, की काट्याच्या दिशेने?"

बाहेर फळ्या आदळल्या. मग ऑरिन आत चढला. हातभर रुंद मोरीखाली टाकीतलं पाणी दाखवणारा तो काटा बसवलेला होता. त्याच्यासमोर तो वाकला आणि कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने काटा पाहिला. काटा पार तळाला, लाल पट्टीवर टेकला होता. मार्लिसला तो उभ्या जागेवरून, चष्म्याशिवाय दिसत होता.

"बिघडलाय," ऑरिन म्हणाला.

"काटा?"

"मग काय, मी?"

साबणाने बुळबुळीत झालेली भांडी मार्लिसने टबात रचली, टब जमिनीवर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि ती मागे पलंगावर जाऊन पडली. जाता जाता तिने पडदा ओढला.

आता त्या पडद्याचं सांगायला हवं. पलंगाच्या पुढ्यात टांगलेला, जाड निळ्या कापडाचा, मार्लिसनेच शिवलेला. पुढे दोन खुर्च्या आणि स्टिअरिंग, मध्ये शेगडी आणि मोरी, मागे पलंग, एवढंच ते घर. पहिल्याच हिवाळ्यात दोघांना कळून चुकलं होतं की भिंत नसलेल्या घरात संसार होत नाही. रुसायला खोली लागते. फुरंगटून बसायला दार लागतं. दार नव्हतं म्हणून पडद्याला दाराचा मान मिळाला. पडदा ओढला की पलीकडे भिंत आहे असं धरून चालायचं. हाक मारायची नाही, डोकवायचं नाही. पलीकडच्याने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. समेट करायचा असेल तर अलीकडच्याने गाडी थांबवून पडद्याखालून हात सरकवायचा. पलीकडच्याने तो धरला की भांडण मिटलं. धरला नाही तर हात परत घ्यायचा आणि पुन्हा गाडी सुरू करायची. हा कायदा दोघांनी बसून ठरवला नव्हता. तो आपोआप मुरत गेला, लोणच्यासारखा.

गाडी सुरू झाली. हिल्डा कण्हली. हिल्डा हे व्हॅनचं नाव. ऑरिनच्या एका आत्याचं. तीही चढ लागला की अशीच कण्हायची.

मार्लिस छताकडे बघत पडली होती. भांडण पाण्यावरून नव्हतं हे तिला ठाऊक होतं, आणि ऑरिनलाही ते ठाऊक असावं. वसंतापासून ती बघत होती. तो दुकानातल्या पाट्या वाचायचा बंद झाला होता. नकाशा तिच्याकडे द्यायचा, "तूच बघ, तुला हौस आहे" म्हणायचा. समोर बसून बोलताना तिच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. ऑरिनचे डोळे जात होते, आणि तो ते बोलत नव्हता.

ती तरी कुठे बोलत होती? बोललं की ते खरं होणार. मग चाव्या टांगायच्या, हिल्डा विकायची आणि मॅनकेटोला, मुलीच्या घरी जायचं. सिग्नेने तळघरातली खोली रंगवून तयारच ठेवली होती. "आई, नुसतं येते म्हणायची खोटी," असं ती दर फोनला म्हणायची. मार्लिसला स्वतःला हिल्डा चालवता येत नव्हती. म्हणजे परवाना होता, पण सुरुवातीला एकदा चर्चच्या आवारात तिने गाडी मागे घेतली होती आणि त्या रविवारच्या प्रवचनाचा फलक आडवा केला होता. पाद्रीबाई हसल्या. मार्लिसने मात्र त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

गंमत अशी की हे फिरतं घर मुळात ऑरिनचं खूळ. जन्मभर त्याने दुधाचा टँकर चालवला, तोही त्याच त्या गोठ्यांपासून त्याच त्या डेअरीपर्यंत. निवृत्त झाला त्या दिवशी म्हणाला, "आता मला असा रस्ता बघायचाय ज्याच्या शेवटी डेअरी नाही." मार्लिस निघाली ती नवरा निघाला म्हणून. चार शेगड्यांची आपली चूल आणि दाराशी लावलेला लायलॅकचा ताटवा सोडताना ती घळाघळा रडली होती. चर्चमध्ये कुणाचं दफन झालं की मागून जेवण रांधायचं काम तिचं. ज्या मोठ्या पातेल्यांत ते रांधायची, ती पातेली तिने एकेक करून शेजारणीच्या हाती दिली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, पण विंचवाला कुणी विचारतं का, की बाबा रे, तुझा लायलॅक कुठे लावायचा?

मग हळूहळू काय झालं कोण जाणे. कदाचित हेच झालं, जे आता होत होतं. चाकांचा घुमघुम आवाज गादीतून पाठीत शिरायचा, पाठीतून छातीत, आणि माणूस झोपेत आहे की जागं हे ठरेनासं व्हायचं. डोळा उघडला की छताच्या झरोक्यातून आभाळ वाहताना दिसायचं. कुठलं आभाळ? मोंटानाचं? आयडाहोचं? नाव आठवेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं. तिला वाटायचं, घर जागेवरच आहे, पृथ्वीच कुणीतरी खालून हळूहळू ओढून घेतंय. आजीने ताटाखालचा टेबलक्लॉथ न सांडता काढून घ्यावा तसं. डोंगर निघून जातात, नद्या निघून जातात, आणि शेगडीवरची कॉफीची किटली होती तिथेच असते. अशा वेळी तिच्या ओठांवर प्रार्थना आपोआप यायची, मागणं नसलेली. नुसतं, "तू आहेस ना? मी पण आहे." चर्चच्या बाकावर तिला हे इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. तिथे तिचं निम्मं लक्ष ओव्हनमध्ये असायचं.

हे सगळं तळघरात मिळणार नव्हतं. म्हणून ती गप्प होती. रोज गाडी सुरू झाली की देवाला सांगायची, आजचा दिवस सांभाळ. उद्याचं उद्या बघू. असं मागणं बरोबर नाही हे तिला कळत होतं. समोरून दुसऱ्याची लेकरंबाळं येत असतात.

गाडी थांबली तेव्हा तिला जाग आली. बाहेर वारा होता आणि पेट्रोलचा वास. ऑरिनची पावलं दूर गेली. मार्लिस पलंगावरून उतरली. पडदा बाजूला करायचा नव्हता, अजून राग होता. म्हणून ती मागच्या दारानेच उतरली. त्याआधी पडद्याखालून हात घालून तिने टब ओढून घेतला होता. साबण वाळून भांड्यांवर पांढरे पापुद्रे धरले होते.

वस्तीचं नाव लोन कॉटनवुड, म्हणजे कॉटनवुडचं एकटं झाड. एक पंप, एक दुकान आणि दुकानामागे नावाला जागून एकच झाड, शरदात पार पिवळंजर्द झालेलं. बाकी चहूकडे वायोमिंग. म्हणजे राखाडी हिरवी झुडपं, वारा, आणि रस्त्यावर बर्फ सरकू नये म्हणून उभारलेली लाकडी कुंपणं, कुणाचीच राखण न करणारी. झाडाखाली एक नळ होता. त्याला पाईप बसेल असं तोंड नव्हतं, टाकी काही भरता आली नसती. पण भांडी विसळता आली असती.

पाणी गार होतं, बर्फ वितळल्यासारखं. मार्लिसने ताटल्या विसळल्या. झाडाची पानं सुटी होऊन टबात पडत होती आणि ती एकेक पान उचलून बाजूला ठेवत होती. सोन्याची नाणी जपून ठेवावीत तशी, काही कारण नसताना. पातेल्याच्या बुडाला ओट्स चिकटले होते. ते तिने नखाने खरवडले. मागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. हिल्डा कण्हली. मार्लिसच्या मनात आलं, पंपापासून जरा बाजूला घेत असेल.

टब कमरेवर घेऊन ती दुकानाच्या कोपऱ्यावरून पुढे आली, तेव्हा पंपाशी कुणी नव्हतं. दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पांढरा ठिपका होता. तोही बघता बघता उंचवट्यापलीकडे उतरला.

ती तशीच उभी राहिली. पायात घरातल्या लोकरी सपाता, कमरेवर धुतलेली भांडी.

दुकानाच्या दारात एक दणकट बाई येऊन उभी राहिली. केसांची वेणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने रस्त्याकडे पाहिलं, मार्लिसकडे पाहिलं, मग टबाकडे.

"सोडून गेला?"

"विसरून गेला," मार्लिस म्हणाली.

"आणि वाटणीत तुला भांडी आली होय?" ती बाई हसली. तिचं नाव वाँडा. "घाबरू नकोस बाई. वर्षाला एखाददुसरं माणूस राहतंच इथे. मागे एक नवरा राहिला होता. त्याची बायको थेट कॅस्परपर्यंत गेली, तिला पत्ताच नाही. म्हणत होती, आज किती शांत वाटतंय, तेच कळेना."

"त्याला वाटतंय मी पडद्यामागे आहे."

"मग आवाज देईल की."

"नाही देणार," मार्लिस म्हणाली. "पडदा ओढलेला आहे."

वाँडाला हे कळलं नाही आणि मार्लिसने समजावलं नाही. फोन व्हॅनमध्ये पलंगाशी चार्जिंगला लावलेला होता. वाँडाने दुकानातला फोन पुढे सरकवला. "नंबर सांग. खिंड ओलांडेपर्यंत त्याला लागायचा नाही, पण लावून ठेवू."

मार्लिसने बोट पुढे केलं आणि ते हवेतच राहिलं. ऑरिनचा नंबर तिला पाठ नव्हता. पाठ होता तो एकच, गावच्या घरातला, भिंतीवरच्या फोनचा. तो घडाघडा बोटांवर आला. लावला तर आता कुणाच्या स्वयंपाकघरात वाजेल? तिची चूल असलेल्या त्या भिंतीवर कुणी अनोळखी बाई ओले हात पुसत येईल आणि "हॅलो" म्हणेल. क्षणभर मार्लिसला वाटलं, त्या बाईने विचारलं, "कोण हवंय?" तर आपण म्हणू, "मार्लिस आहे का घरी?"

तिने रिसीव्हर परत ठेवला.

"दुसरं कुणी? पोरंबाळं?"

"मुलगी आहे. तिचा नंबरही आठवेल जरा डोकं खाजवलं तर." मार्लिस थांबली. "पण तिला नको. तिला कळलं तर हे शेवटचं."

"बरं," वाँडा म्हणाली. "कॉफी?"

"छे छे, कशाला उगीच."

"बरं," म्हणून वाँडा आत निघून गेली.

मार्लिस बघतच राहिली. तिच्या मिनेसोटात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला "तू करतेच आहेस तर घोटभर" म्हणायचं, ही शिकवण पाळण्यातली. इथल्या माणसांना नको म्हणजे नको कळतं. बिचारीने विचारलं होतं मनापासून आणि आपणच पालथ्या घड्यासारखे. घसा कोरडा पडलेला घेऊन ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

ऊन होतं आणि वारा होता. दोन्ही मिळून अंगावर असे येत होते की डोळे मिटावेत. ऑरिन परत येईल याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका दुसरीच होती. तो एकटा होता आणि रस्ता दोन पदरी होता. रोज ती शेजारी बसून "ट्रक येतोय हं", "वळण आहे हं", "ती बघ हरणं" असं म्हणायची. गप्पा मारल्यासारखं म्हणायची. आज तिला पहिल्यांदा स्वतःलाच ऐकू आलं की त्या गप्पा नव्हत्या. वसंतापासून अर्धी गाडी तीच चालवत होती, तोंडाने. आणि आज ती तोंड मिटून पडद्याआड गेली होती.

"देवा," ती म्हणाली, आणि पुढे काय म्हणावं ते सुचेना. "त्याला सांभाळ" तर रोजचंच होतं. पिवळी पानं तिच्या पायाशी येऊन थांबत, पुन्हा निघून जात. झुडपांचा कडवट गोड वास येत होता. दूर हरणांचा कळप एकाच दिशेला तोंड करून उभा होता, एखाद्या चर्चमध्ये सगळे उभे राहतात तसा. तिला वाटलं, आपण असंच इथे बसून राहावं आणि जगाने पुढे जावं. मग लक्षात आलं, घर चालतं तेव्हाच जग असं शांत वाटतं. बाकावर बसून बघितलं तर जग थांबलेलं असतं आणि काळजीच तेवढी चालत असते.

"मी बोलते," ती शेवटी म्हणाली. "तू त्याला आण, मी बोलते."

एवढंच बोलणं झालं देवाशी. सावली बाकाखालून सरकून पलीकडे गेली तेव्हा उंचवट्यावर पांढरा ठिपका दिसला.

हिल्डा फार हळू येत होती. उजवीकडची चाकं रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर ठेवून, आंधळा भिंत चाचपत येतो तशी. आली, पंपापाशी वेडीवाकडी थांबली. ऑरिन उतरला. टोपी नव्हती डोक्यावर. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मार्लिसला हात वर करावा लागला.

"इथे आहेस," तो म्हणाला.

"मग कुठे असणार? भांडी धुतली."

"हो का. बरं झालं." तो जवळ येऊन उभा राहिला. "मला वाटलं तू मेलीस."

"मग? वाईट वाटलं?"

"जरा."

मार्लिस बाकावर सरकली. तो बसला. दोघंही समोर बघत राहिली. त्यांच्या माणसांत हे रडण्याइतकंच असतं.

"गाडी थांबवून हात दिला मी पडद्याखालून," ऑरिन म्हणाला. "तू धरला नाहीस. म्हटलं असू दे, रागावलीय. पुढे थांबून पुन्हा दिला. मग म्हटलं एवढं सगळं बोललो मी, त्यावर हूं की चूं नाही, असं कसं? परत गाडी बाजूला घेतली आणि पडदा सारला. बायको सत्तरीची आहे, निजलीय आणि हात धरत नाही, म्हणजे माणूस काय समजेल? तर पलंग रिकामा. मग म्हटलं मागच्या दारातून पडली. सगळा रस्ता कडेकडेने बघत आलो, खड्ड्याखड्ड्यातून."

"एवढं सगळं बोललास म्हणजे?"

ऑरिनने सपातांकडे पाहिलं. "असंच."

"असंच काय?"

"हवापाणी."

"तू? हवापाण्यावर?"

"वारा पण होता ना बराच."

इथे तिला गप्प बसता आलं असतं. तिला तो दरवाजा लख्ख दिसला. हसायचं, उठायचं, टब उचलायचा, "चल, पाणी भरायचंय" म्हणायचं. त्याने जे काही पडद्याला सांगितलं ते पडद्यापाशीच राहिलं असतं. उद्या सकाळी पुन्हा आभाळ छतावरून वाहिलं असतं. ऑरिनही त्याच दरवाजाकडे बघत होता. त्याच्या खांद्यांवरून ते कळत होतं. आत्तापर्यंत दोघांनी मिळून किती वेळा तो दरवाजा हळूच लोटला होता!

"ऑरिन," ती म्हणाली, "मी आता पडद्याच्या अलीकडे आहे. पुन्हा सांग."

त्याने टोपी काढायला हात डोक्याकडे नेला, टोपी नव्हतीच, तर केसच चाचपले.

"मधलं पुसलं गेलंय गं," तो म्हणाला. "डोळ्यातलं. ओल्या फडक्याने पाटीवरचं पुसावं तसं, बरोबर मध्यावर. कडा शाबूत आहेत. बाजूची हरणं दिसतात, कुंपणं दिसतात, तुझा कान दिसतो. समोरचा रस्ता दिसत नाही. सरळ रेघ नागमोडी दिसते. मी कडेची रेघ धरून चालवतो."

"किती दिवस?"

"वसंतात लायलॅक फुलले असतील तेव्हापासून. म्हणून मी पडद्याला, म्हणजे तुला म्हटलं, की बाई, संपलं आता. पुढे रॉलिन्स गावावरून सरळ पूर्वेला वळू. सिग्नेकडे जाऊ. तुला चूल मिळेल, चार शेगड्यांची. माझ्या खुळापायी तू फार सोसलंस." त्याने नाक ओढलं. "आणि तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला पटलं."

मार्लिस त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे ती तिथे पडली असती आणि रागाने गप्प राहिली असती, तर तेवढ्या गप्प बसण्याने सगळं ठरून गेलं असतं. रिकाम्या पलंगाने तिच्या वतीने हो म्हणून टाकलं होतं.

"चूल?" ती म्हणाली. "मला चूल हवीय असं कुणी सांगितलं तुला?"

"रडली होतीस की."

"तेव्हा रडले होते! तेव्हा तुझं पोट पण आत होतं. मला तुझे डोळे कधीचे ठाऊक आहेत ऑरिन. मी बोलले नाही, कारण बोलले तर तू गाडी थांबवशील. आणि मला..." तिचा आवाज चिरकला, आणि ती रागावली स्वतःवर. "मला तळघरात झोप नाही लागायची रे. ते हलत नाही."

ऑरिन तिच्या कानाकडे बघत होता. मग त्याने मान तिरकी केली, कोंबडीसारखी, आणि पहिल्यांदाच ती सगळी, तोंड, डोळे, नाक, त्याच्या नजरेच्या शाबूत कडेवर आली.

"तू असं कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तर मी आधी दोनदा नको म्हटलं असतं."

तो हसला. हसताना त्याचे खांदे हलायला लागले आणि मग ते हसणं राहिलं नाही. मार्लिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुकानाच्या काचेआड वाँडा किल्ल्या मोजल्यासारखं करत पाठमोरी उभी राहिली.

"मग आता?" ऑरिनने बाहीला डोळे पुसले. "मी तर पंपापासून रस्त्यापर्यंतसुद्धा नेणार नाही आता. येताना एक ट्रक गेला जवळून. दिसलाच नाही, नुसता वारा लागला." त्याने किल्ली पुढे केली. "तू चालवतेस?"

मार्लिसच्या जिभेवर ते शब्द जन्मापासून तयार होते. छे छे, मला कुठे जमतंय. तो फलक आठवला, हसणाऱ्या पाद्रीबाई आठवल्या. मग आठवली न मिळालेली कॉफी.

"हो," ती म्हणाली. पहिल्याच विचारण्याला. ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

डॉक्टरकडे तर जायचंच होतं, ते दोघांनी तिथेच ठरवलं. पुढल्या मोठ्या गावात, टाळाटाळ न करता. सिग्नेलाही सांगायचं, पण फोनवर मार्लिस बोलणार. "कारण तुला ती बोलण्यात गुंडाळते," असं तिने ऑरिनला सांगितलं आणि त्याने मान डोलावली. व्हॅनशी येऊन मार्लिस चालकाच्या बाजूने चढली. चढायला पायरी उंच होती. ऑरिनने मागून आधार दिला आणि वर "हिल्डा, घाबरू नकोस गं" असं गाडीला सांगितलं.

"तू गप्प. तू आता बोलायचं नाही," मार्लिस म्हणाली. "म्हणजे बाजूचं सांग. पुढचं मी बघते."

"अगं बाई, भांडी!" वाँडा टब घेऊन धावत आली. टबात ताटल्यांवर एक कागदी कप होता, झाकण लावलेला. "आणि ही कॉफी. तो येईपर्यंत तू काचेतून अशी बघत होतीस किटलीकडे! नको म्हणालीस म्हणून मी म्हटलं नको असेल."

मार्लिसने आरसा जागेवर आणला. खुर्ची पुढे ओढली, आणखी पुढे, इतकी की पोट स्टिअरिंगला लागलं. किल्ली फिरवली. हिल्डा कण्हली, मग निघाली. पांढऱ्या रेघा एकेक करून पुढून आल्या आणि तिच्या खालून गेल्या. आजवर तिने जग छताच्या झरोक्यातून जाताना पाहिलं होतं, नाहीतर बाजूच्या खिडकीतून. ते समोरून येतं कसं, हे आज दिसलं. आधी अगदी नाहीसं, मग बारीक, मग एकदम मोठं आणि मग गेलेलं. पुढे रस्ता आभाळात शिरत होता. तिला वाटलं, आपण पलंगावरच पडलोय आणि हे आतूनच कुठूनतरी दिसतंय.

"उजवीकडे हरणं," ऑरिन म्हणाला. "सात-आठ. एक पिल्लू आहे."

"दिसतंय तुला?"

"कडेला सगळं दिसतं म्हटलं ना." तो काचेला कपाळ लावून बसला होता, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा. "जन्मभर समोर बघत आलो गं. बाजूला इतकं असतं?"

"इतकं असतं," मार्लिस म्हणाली. "मी कधीची सांगतेय."

चढ लागला तेव्हा तिला रस्त्याऐवजी नुसतं हिल्डाचं नाक दिसायला लागलं. बूड उचलून, मान ताणून, हनुवटी स्टिअरिंगच्या कडेवर टेकवून तिने चढ पार केला. ऑरिनने घडी घालून दिलेली गोधडी बुडाखालून सारखी निसटत होती आणि ती दर वळणाला थोडीथोडी बुटकी होत होती. माथ्यावर पोचल्यावर तिने एक लांब श्वास सोडला.

रॉलिन्सला गेल्यावर पहिलं काम, जुन्या वस्तूंच्या दुकानातून बसायला एक जाड उशी घ्यायची.